कवितेशेजारचे चित्र

गेल्या वर्षावासात लकडगंज भागातील एका विहाराच्या वाचनकक्षात जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे लावण्याचे काम आम्ही चार मंडळींनी अंगावर घेतले होते. ‘अस्मितादर्श’चे सुटे अंक, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे विशेषांक, दोन-तीन अंक निघून बंद पडलेली अनियतकालिके असा तो संग्रह. उपोसथाच्या दिवशी वंदनेनंतर उपासक-उपासिका तेथे येऊन बसत आणि हाती लागेल तो अंक चाळीत. त्यांपैकी एक वयोवृद्ध उपासक, ज्यांचे सारे आयुष्य याच भागातील आरागिरणीत लाकूड कापण्यात गेले, ते एक अंक पुढे करून म्हणाले, ‘‘सर, कविता त नवीनच आहे ही. पण हे चित्र माह्या लहानपणचंच दिसते. तोच सूर्य, तेच साखळदंड. असं काहून?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तत्काळ नव्हते. आपल्या वाङ्मयीन चळवळीने कवितेविषयी, आत्मकथनाविषयी, कथेविषयी विपुल चर्चा केली. दलित साहित्य म्हणावे की बौद्ध साहित्य म्हणावे की आंबेडकरवादी साहित्य म्हणावे, यावर शेकडो पृष्ठे खर्ची पडली. परंतु त्याच पृष्ठांवर, त्याच कवितांच्या शेजारी जी चित्रे छापली गेली, त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे आपल्या समीक्षकांना क्वचितच वाटले. आम्हांस तरी कुठे वाटले होते? त्या उपासकांनी विचारले म्हणून आम्ही गठ्ठे पुन्हा उघडले आणि या वेळी कविता न वाचता फक्त चित्रे पाहिली.

जे दिसले ते असे. उगवता सूर्य, तुटलेली साखळी, वळलेली मूठ, मशाल, पिंपळपान, धम्मचक्र, आणि ग्रंथ हाती घेतलेले, तर्जनी उंचावलेले बाबासाहेब. एकाच अंकात एकच सूर्य पृष्ठ बारावर उजवीकडे आणि पृष्ठ चाळीसवर डावीकडे. ज्या कवितेत सूर्याचा उल्लेखही नाही, रात्रपाळीच्या कामगाराचे वर्णन आहे, तिच्या डोक्यावरही तोच सूर्य.

याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे, आणि ते न सांगता या चित्रांना दोष देणे अन्यायाचे होईल. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात चित्र छापायचे तर जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने कोरलेला ठसा करवून घ्यावा लागे. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेल्या त्या ठशाला छापखान्यातले लोक ब्लॉक म्हणत. कवितेला जुळणावळ तेवढी लागे. चित्राला जुळणावळीखेरीज ब्लॉकचा निराळा खर्च. वर्गणी थकलेली, जाहिरात मिळत नाही, संपादक पगारातून अंक काढतो आहे, अशा स्थितीत एकदा केलेला ब्लॉक पुन्हा पुन्हा वापरणे ही काटकसर होती. आमच्या त्या संग्रहात असा एक जुना ब्लॉकही निघाला. आरागिरणीतल्या त्या उपासकांनी तो उलटा करून लाकूड बोटाने ठोकून पाहिले आणि ‘‘सागवान आहे, अस्सल,’’ एवढाच अभिप्राय दिला.

पण ही सबब ऑफसेट छपाई सर्वत्र झाल्यावर संपावयास हवी होती. ती संपली नाही. ब्लॉक गेला, सवय राहिली. अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा तयार चित्रांचा साठाही संगणकाबरोबरच आला, आणि तोच सूर्य आता अधिक गुळगुळीत होऊन उगवू लागला. हल्ली तर संगणकास आज्ञा करताच तो हवे तसे बुद्ध आणि हवे तसे बाबासाहेब निर्माण करून देतो. चित्रकाराकडे जाण्याचे कारणच उरले नाही असे संपादकास वाटू लागावे, इतकी सोय झाली आहे.

आमच्या मते मूळ कारण खर्चाचे नाही, दृष्टीचे आहे. आपण चित्राला मोकळी जागा भरण्याचे साधन मानले. बाबासाहेबांनी तसे मानले नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, ३ एप्रिल १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. पुढे १९३० मध्ये ‘जनता’ आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. वाचकाची पहिली दृष्टी जेथे पडते तेथे काय असावे आणि ते केव्हा बदलावे, हा त्या चार नावांमागचा विचार आहे. ज्या पत्रकाराने शीर्षाचा इतका विचार केला, त्याच्या वारसांनी अंकाचे मुखपृष्ठ मुद्रकाच्या मर्जीवर सोडावे, हे खटकते.

‘अस्मितादर्श’चेच उदाहरण घेऊ. नागपुरात जन्मलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी त्या काळच्या औरंगाबादेतून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ या नावाने सुरू केलेल्या आणि लगेच ‘अस्मितादर्श’ झालेल्या या त्रैमासिकाने लेखकांच्या पिढ्या घडविल्या, हे ऋण कोणीही नाकारणार नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या विद्रोहाची ओळख त्यांनी मराठी वाचकाला करून दिली; पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या वाङ्मयावर ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. म्हणजे त्या समाजाकडून आपण पुष्कळ घेतले. मात्र आपण शब्द घेतले, चित्रे घेतली नाहीत.

आणि चित्रे तेथे शब्दांच्या बरोबरीने होती. १९१० मध्ये सुरू झालेल्या ‘द क्रायसिस’चे संपादक ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असते. पण त्याच मासिकाने १९२० च्या दशकात ॲरन डग्लससारख्या चित्रकाराकडून मुखपृष्ठे करवून घेतली, आफ्रिकी शिल्पाचा आणि नव्या शहरी जीवनाचा मेळ घालणारी नवी रेषा त्यातून घडली, हे आपण लक्षात घेतले नाही. ब्लॅक पँथरच्या मुखपत्राचे तर विशेषच सांगण्यासारखे आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या त्या पत्राची चित्रे एमरी डग्लस काढीत. पक्षात त्यांना सांस्कृतिक मंत्र्याचे पद होते. पैसा त्यांच्याकडेही नव्हता. काळी शाई आणि फार तर आणखी एक रंग, एवढ्या तुटपुंज्या साधनांतच त्यांनी जाड रेषेची स्वतःची शैली उभारली. अंकाचे शेवटचे पृष्ठ फाडून भिंतीवर चिकटविता यावे, अशा बेताने ते चित्र रचीत. ज्याला वाचता येत नाही अशा माणसापर्यंतही अंक पोहोचावा हा त्यातला हेतू. गरिबी हे चित्र वाईट असण्याचे कारण होऊ शकत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडे असे कोणीच केले नाही असे मात्र नव्हे. राजा ढाले यांची ‘येरू’, ‘तापसी’, ‘जातक’, ‘चक्रवर्ती’ ही नियतकालिके ज्यांनी हाताळली असतील त्यांना अक्षराचे वळण, पानावरची मोकळी जागा आणि मजकूर यांचा एकत्र विचार करणारा संपादक कसा असतो, हे सांगावे लागणार नाही. नागपुरात भाऊ समर्थांनी (१९२८–१९९१) हिंदी आणि मराठी लेखकांच्या सहवासात राहून छोट्या नियतकालिकांसाठी रेखाचित्रे काढली. चित्राचा समाजाशी संबंध काय, यावर लिहिलेही. पण हे अपवाद अपवादच राहिले, त्यांची परंपरा झाली नाही.

ज्या चित्रकाराविषयी आपल्या पृष्ठांवर सर्वांत आधी लिहिले जावयास हवे होते, तो नागपूरचाच आहे. सवी सावरकर यांचा जन्म येथे १९६१ मध्ये झाला. नागपुरात आणि पुढे बडोद्यास त्यांनी शिक्षण घेतले, मुद्राचित्रण हा त्यांचा विशेष विषय, आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांच्यावर इंग्रजीत गॅरी टार्टाकोव्ह यांनी लिहिले. मराठीत, निदान आमच्या वाचनात, त्या मानाने फारच थोडे आले आहे.

सावरकरांच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा येणारा एक माणूस आहे. त्याच्या गळ्यात मडके बांधलेले आहे आणि कमरेला झाडू. पेशवाईतील पुण्याचा हा अस्पृश्य माणूस. थुंकी जमिनीवर पडून ती विटाळू नये म्हणून मडके, आणि पाऊलखुणा पुसल्या जाव्यात म्हणून झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याची नोंद केली आहे, आणि आपल्या वक्त्यांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे की ऐकताना कान आता त्यावर थांबत नाहीत. सावरकरांच्या चित्रापुढे डोळा मात्र थांबतो. रेषा जाड, खरखरीत, जणू पत्र्यावर खिळा ओढला आहे. अंग वेडेवाकडे, प्रमाणात न बसणारे. ती व्यक्ती दयेची याचना करीत नाही. तिच्याकडे पाहून हळहळण्याची सोय चित्रकाराने ठेवलेली नाही. मडके हे येथे इतिहासाच्या पुस्तकातील माहिती राहत नाही. मानेला त्याचे ओझे जाणवू लागते.

यात तंत्राचाही एक भाग आहे. मुद्राचित्रकार धातूच्या पत्र्यावर तेजाबाने रेषा कोरतो. आपल्या जुन्या नियतकालिकांचे ब्लॉकही धातूवर तेजाबानेच कोरले जात. त्याच तेजाबाने एकीकडे शेकडो वेळा छापला जाणारा निरुपद्रवी सूर्य काढला, आणि दुसरीकडे हा माणूस. साधन तेच, फरक पाहणाऱ्याच्या धैर्यात होता.

या चित्रांविषयी आम्ही विहारात बोललो तेव्हा एका ज्येष्ठ उपासिकेने घेतलेला आक्षेप येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण तो केवळ त्यांचा नाही. त्या म्हणाल्या, ‘‘आपण छप्पन साली ते सारे टाकून दिले ना? मग तथागतांच्या करुणामय मुद्रेच्या शेजारी थुंकीचे मडके कशाला? माझ्या नातवाने काय पाहावे?’’ हा प्रश्न सौंदर्याभिरुचीचा म्हणून टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या समाजाने स्वतःची नवी प्रतिमा मोठ्या कष्टाने घडविली: शुभ्र वस्त्रे, स्वच्छ घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ज्या आईने आपल्या मुलाला हीनतेची सावलीही शिवू दिली नाही, तिला हे चित्र जुनी जखम उकरल्यासारखे वाटले तर तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवाय एक धोका खराच आहे. दुःखाचे चित्र सतत छापले गेले की दुःख हीच आपली ओळख ठरते, आणि दुसऱ्यांच्या दालनांत भिंतींची शोभा वाढविण्यासाठी ते विकलेही जाते.

तरीही आम्ही त्या उपासिकेच्या मताशी सहमत होऊ शकलो नाही. तथागतांनी दुःख झाकून धम्म सांगितला नाही. पहिले आर्यसत्य दुःखाचे आहे आणि त्यानंतरच त्याच्या कारणाचा, निरोधाचा आणि मार्गाचा विचार येतो. आपण दररोज धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. श्रद्धेने मान, असे त्यात नाही. जे पाहावयाचे त्यात केवळ रम्य तेवढेच पाहा अशी अट कोठे आहे? सावरकरांचे चित्र नातवाला दाखवावे की नाही यापेक्षा ते कशाच्या शेजारी दाखवावे, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. स्मरणिकेत मान्यवरांच्या छायाचित्रांमध्ये कोंबलेले ते चित्र अपमान वाटेल. तेच पेशवाईवरील लेखाच्या समोरच्या पूर्ण पृष्ठावर, खाली चित्रकाराचे नाव देऊन छापले तर तो पुरावा होईल. हे ठरविणे संपादकाचे काम आहे, आणि संपादक ते करीत नाहीत म्हणून उपासिकेला आक्षेप घ्यावा लागतो.

चित्र म्हणजे केवळ शोभा नव्हे, हे आपण बाहेरच्या जगाला मोठ्या ठामपणे सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये कवी यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला, कारण समारंभाच्या मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती. आपली इहवादी भूमिका बाजूला ठेवून तो सन्मान आपण घेऊ शकत नाही, असा त्यांचा पक्ष होता. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. एका चित्रासाठी एवढे कशाला, असे विचारणारेही होते. आंबेडकरी वाचकाने बहुतांशी कवीची बाजू घेतली आणि आमच्या मते ती योग्यच होती. मंचावरची प्रतिमा मुकी नसते. ज्ञान कोणाकडून आले आणि कोणाला नाकारले गेले, हे ती बोलत असते. मग जी कसोटी आपण दुसऱ्यांच्या मंचाला लावली, ती आपल्या मुखपृष्ठाला का लावू नये? ज्या मूर्ती थायलंडहून वा जपानहून दानाने आल्या, त्यांची छायाचित्रे आपण वर्षानुवर्षे छापतो. त्या सुंदर आहेत, श्रद्धेयही आहेत. पण नागपूरच्या माणसाने घडविलेला बुद्ध कसा दिसेल, हा प्रश्न आपल्या नियतकालिकांनी चित्रकाराला विचारलाच नाही.

आणि बुद्ध दिसलाच पाहिजे असेही नाही. येथून जवळच, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप आणि त्याच्या कठड्याचे कोरीव स्तंभ मिळाले. भारहूत आणि सांची यांच्याच परंपरेतील ते शिल्प. त्या परंपरेत तथागतांचे मानवी रूप कोठेच नसते. बोधिवृक्ष असतो, रिकामे आसन असते, पावलांची खूण असते, पुढे हात जोडलेली माणसे असतात. आसन रिकामे ठेवण्यासाठी केवढा आत्मविश्वास लागला असेल! त्या शिल्पकाराने पाहणाऱ्यावर विश्वास टाकला. आपले मुखपृष्ठ मात्र वाचकावर विश्वास टाकीत नाही. कोपऱ्यात बुद्ध, मधे बाबासाहेब, खाली संविधान, मागे स्तूप, वर पिंपळपान असे सारे एकदमच सांगून टाकते, आणि म्हणून त्यातले काहीच मनात राहत नाही.

आजची कविता फार पुढे गेली आहे, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. १९७२ च्या ‘गोलपिठा’ने महानगराचा तळ मराठी कवितेत आणला. अरुण काळे यांच्या २००६ मधील ‘नंतर आलेले लोक’मध्ये जागतिकीकरणाच्या बाजारात उभा राहिलेला आंबेडकरी माणूस आहे. प्रज्ञा दया पवार यांच्या कवितेत जातीबरोबर स्त्रीच्या देहाचा आणि इच्छेचा प्रश्न येतो. आज लिहिणारी मुलेमुली वसतिगृहातील शिष्यवृत्तीच्या रांगेविषयी, मोबाईलवर आडनाव पाहून बदलणाऱ्या आवाजाविषयी, शहरात घर भाड्याने न मिळण्याविषयी लिहितात. अशा कवितेशेजारी तुटलेली साखळी छापणे म्हणजे कवितेलाच पन्नास वर्षे मागे नेऊन बसविणे होय. या कवितेतील बंधन साखळीच्या रूपाने दिसत नाही, हेच तर तिचे म्हणणे आहे. मुंबईत विक्रांत भिसे यांच्यासारखे चित्रकार पँथरच्या काळातील कागदपत्रे आणि मोर्चे यांना चित्रात नव्याने मांडीत आहेत. प्रभाकर कांबळे यांनी श्रम आणि जात यांवर रचना उभ्या केल्या आहेत. कवी आहेत, चित्रकारही आहेत. त्यांची गाठ ज्या पानावर पडावी, ते पान आपण राखून ठेवलेले नाही.

चित्राने कवितेतील वस्तू पुन्हा काढून दाखवावी, अशीही आमची अपेक्षा नाही. कवितेत झाड आहे म्हणून चित्रात झाड, हा शाळेच्या पाठ्यपुस्तकाचा नियम झाला. कविता जेथे थांबते तेथून चित्राने दुसरीकडे निघावे. प्रसंगी तिच्याशी वादही घालावा.

येथे आमचाही एक अपराध सांगितल्याशिवाय हे लेखन प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून निघालेल्या एका विशेषांकासाठी याच भागातील एका तरुणाने एक रेखाचित्र दिले होते. वखारीतून भुशाचे पोते डोक्यावर घेऊन निघालेली एक वृद्ध स्त्री. शेगडीत जाळण्यासाठी तो भुसा नेणाऱ्या अशा स्त्रिया लकडगंजने पुष्कळ पाहिल्या आहेत. चित्र उभे होते, आमच्या पानावर जागा आडवी उरली होती. आम्ही ते खालून कापले. अंक निघाल्यावर तो तरुण आला, पान उघडून बराच वेळ पाहत राहिला, आणि एवढेच म्हणाला, ‘‘सर, पाय गेले.’’ मूळ चित्र पुन्हा काढून पाहिले तेव्हा आम्हांस कळले की ते चित्र त्या पायांचेच होते. लाकडाच्या सालपटांवरून चालणारी अनवाणी पावले त्याने सर्वांत बारकाईने काढली होती. वरचे पोते आणि चेहरा चार-दोन रेषांत उरकला होता. आम्ही नेमके तेच कापले होते. अनुक्रमणिकेत त्याचे नावही नव्हते. कवितेतील एक ओळ गाळण्यापूर्वी आम्ही कवीला पत्र लिहिले असते.

त्यानंतर त्याने आम्हांस चित्र दिले नाही. मूळ कागद आमच्या कपाटात अजून आहे. त्याच्या जुन्या पत्त्यावर आम्ही दोनदा पत्र पाठविले, ते परत आले. आरागिरणीतले ते उपासक म्हणतात, त्याचे घरचे लोक ओळखीचे आहेत, ते चौकशी करतील. त्याची संमती मिळाली तर आगामी अंकात ते चित्र पूर्ण पृष्ठावर, पायांसह, त्याच्या नावाने यावयाचे आहे. त्या पानावर कविता घ्यावयाची नाही, असे आम्ही ठरविले आहे.